पटकथा लिहून झाली, पुढं काय? सोलापुरात राहून निर्मात्याची वाट बघण्याची रीत

अतुल कुलकर्णी यांची शाळा सोलापूरची, हरिभाई देवकरण. इथल्या 'नाट्य आराधना' या हौशी संस्थेत काम करून ते पुढं दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात (एनएसडी) गेले. नट म्हणून नाव झाल्यावर त्यांनी 'फॉरेस्ट गम्प' या गाजलेल्या अमेरिकन चित्रपटाचं हिंदी रूपांतर लिहिलं. पहिला ड्राफ्ट २००८ च्या सुमाराचा, आणि 'लाल सिंग चड्ढा' थिएटरात लागला ११ ऑगस्ट २०२२ ला.

हा किस्सा निघाला की लोक धीराचं कौतुक करतात. मला त्या चौदा वर्षांचे तुकडे पाडून बघावेसे वाटतात. नायक आमिर खाननं ड्राफ्ट मनावर घेईपर्यंत गेलेला वेळ हा एक तुकडा. मूळ चित्रपटाचे हक्क मिळवण्यात गेलेली वर्षं हा दुसरा, आणि बराच मोठा. मग शूटिंग, त्यात कोरोना, त्यामुळं पुढं ढकललेल्या तारखा. या सगळ्या काळात लेखक घरी बसून नव्हता, त्यांची अभिनयाची कामं चालूच होती.

म्हणजे 'वाट बघणं' ही एकच गोष्ट नसते. त्यात चार-पाच वेगळे उशीर असतात आणि प्रत्येकाचा मालक वेगळा असतो. काही उशीर आपलाच असतो, काही कागदांचा, काही समोरच्याचा, काही पैशाचा. आपण सध्या कुठल्या उशिरात अडकलोय हे कळलं की त्याला मुदत लावता येते. मुदत लावली की वाट बघणं सुसह्य होतं असं नाही, पण ते संपतं तरी. खाली आहे ती मुदती लावायची पद्धत. ती मराठी चित्रपटासाठी लिहिणाऱ्या आणि मुंबईत घर नसलेल्या माणसासाठी आहे.

आधी स्वतःकडचा उशीर संपवा

'स्क्रिप्ट तयार आहे' असं सांगणाऱ्या दहातल्या बऱ्याच जणांकडं गोष्ट तयार असते, स्क्रिप्ट नसते. निर्मात्यानं 'पाठवा' म्हटल्यावर पुढचे दोन महिने आपणच घेतले तर तो उशीर आपल्या खात्यावर. तेव्हा कुणालाही फोन करण्याआधी चार फाइल तयार हव्यात: एक-दोन वाक्यांची लॉगलाइन, एका पानाचा सारांश, आठ-दहा पानांची ट्रीटमेंट, म्हणजे संवादांशिवाय क्रमानं मांडलेली गोष्ट, आणि संवादांसकट पूर्ण पटकथा.

लॉगलाइन म्हणजे विषय नव्हे. 'मिल कामगारांच्या आयुष्यावरची गोष्ट' हा विषय झाला. लॉगलाइन अशी असते: 'बंद मिलची चिमणी पाडायच्या आदल्या रात्री तिथला म्हातारा वॉचमन वर चढून बसतो, त्याला खाली उतरवायला आलेल्या पोलिसांत त्याचा मुलगाही आहे.' ऐकणाऱ्याच्या तोंडून 'मग?' निघालं पाहिजे. ते निघेपर्यंत वाक्य घासत बसा.

पूर्ण पटकथा मोठ्यानं वाचून घ्या. ही गोष्ट सोलापुरात मुंबईपेक्षा सोपी आहे, कारण इथं हौशी नाटकवाले भरपूर आहेत आणि ते चहावर येतात. सहा-सात जणांना पात्रं वाटून द्या, आपण फक्त कृती वाचा, आणि घड्याळ लावा. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी टाइपच्या ठरावीक आकारावर बसवलेला आहे. देवनागरीत फॉन्ट बदलला की पानं बदलतात, त्यामुळं त्यावर विसंबू नका. वाचताना लोक कुठं मोबाइल काढतात ते टिपा. (हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू असताना किंवा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आठवड्यात हा बेत आखू नका. कुणी सापडायचं नाही.)

वाचनात एक आपल्याकडचा प्रश्न हमखास निघतो: बोली. सोलापूरच्या गोष्टीत माणसं 'काय करायलास बे' म्हणणार, पूर्व भागातली विडी वळणारी बाई मुलाशी तेलुगूत बोलणार, अक्कलकोटकडचा पाहुणा कन्नडमधून शिव्या देणार. हे काढून टाकू नका. वेगळेपण त्यातच आहे. पण वाचणारा मुंबईचा असेल. कृतीचं लिखाण साध्या मराठीत ठेवा, बोली फक्त संवादात. तेलुगू-कन्नड ओळ देवनागरीत लिहून तिच्याखाली मराठी अर्थ द्या. ट्रीटमेंटमध्ये एक ओळ टाका की भाषा अशी का आहे. तेवढं पुरतं.

फाइल युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाइल समोरच्याच्या मोबाइलवर उघडली की चौकोन दिसतात, आणि तो ते कळवायची तसदी घेत नाही. भारतीय भाषांत पटकथा लिहिण्यासाठी 'स्क्राइट' नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते नसेल तर साधं वर्डही चालतं. पाठवताना मात्र पीडीएफ, आणि प्रत्येक पानावर पान क्रमांक, ड्राफ्टचा क्रमांक, तारीख.

कागद: कशाला संरक्षण आहे, कशाला नाही

'माझी गोष्ट चोरतील' या भीतीनं स्क्रिप्ट कपाटात ठेवणारे लेखक मी पाहिलेत. त्यांची गोष्ट खरंच कुणी चोरली नाही, कारण कुणी वाचलीच नाही. भीतीवर उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत.

पहिला, मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व. सगळे तिला एसडब्ल्यूए म्हणतात. सदस्य झाल्यावर पटकथा ऑनलाइन नोंदवता येते, मुंबईला जावं लागत नाही. या नोंदणीतून एकच गोष्ट सिद्ध होते, पण ती महत्त्वाची: अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडं होता. भांडण झालंच तर संघटनेची तंटा निवारण समितीही आहे. श्रेय, पैसे आणि नक्कल, तिन्ही प्रकारच्या तक्रारी तिथं सदस्यांना नेता येतात. मोठा बदल केलेला प्रत्येक ड्राफ्ट पुन्हा नोंदवा.

दुसरा, कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी. अर्ज ऑनलाइन होतो, साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये, आणि आक्षेपांसाठी ३० दिवस थांबून मगच तपासणी पुढं सरकते. प्रत्यक्ष प्रमाणपत्राला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. पण १९५७ च्या कायद्यानुसार हक्क निर्माण होतो तो लिहिल्यामुळं. नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळं प्रमाणपत्र येईपर्यंत स्क्रिप्ट अडवून धरायची गरज नाही.

आता संरक्षण कशाला मिळत नाही ते. कल्पनेला मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं: विषय, कल्पना, ऐतिहासिक घटना यांवर कुणाची मालकी नाही, मालकी असते ती मांडणीवर. शीर्षकावर कॉपीराइट नसतो, हे त्याच न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं. तेव्हा नुसती एका ओळीची कल्पना नोंदवून निर्धास्त होऊ नका. दृश्यं, पात्रं, घटनांचा क्रम असलेला मजकूर नोंदवा. शीर्षकाची नोंदणी चित्रपट संस्थांकडं वेगळी होते आणि ती निर्मात्यानं करायची असते. त्यासाठी आपण खर्च करू नये.

सोलापूरकरांसाठी हा मुद्दा जरा तपशिलात. इथल्या प्रत्येक दुसऱ्या लेखकाच्या डोक्यात मार्शल लॉचा, म्हणजे सोलापुरात लागलेल्या लष्करी कायद्याचा चित्रपट असतो. १९३० चं आंदोलन, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यातली फाशी. हा इतिहास सगळ्यांचा आहे आणि त्यावर दहा जणांनी दहा पटकथा लिहिल्या तरी कुणी कुणाला अडवू शकत नाही. पण तुम्ही एखाद्या कादंबरीतली काल्पनिक पात्रं, त्या लेखकानं रचलेले प्रसंग किंवा संवाद घेतले असतील, तर त्याचे हक्क हवेत. लेखक हयात नसेल तरी मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडं असतात. कादंबरीवरून लिहायचं असेल तर आधी पत्र, मग पटकथा. अतुल कुलकर्णींच्या पाठीशी हक्कांसाठी वर्षानुवर्षं चिकाटी धरणारा तारा-निर्माता होता. आपल्यामागं कोण आहे? हक्क न घेता रूपांतर लिहिणं म्हणजे आपण होऊन आणखी एक उशीर विकत घेणं. पहिल्या पटकथेसाठी तरी स्वतःचीच गोष्ट घ्या.

कुणाला पाठवायची

इथं बहुतेक जण थेट मोठ्या निर्मिती संस्थांच्या ईमेलवर स्क्रिप्ट पाठवतात आणि मग उत्तर येत नाही म्हणून रुसतात. अनेक मोठ्या संस्था ओळखीविना आलेलं स्क्रिप्ट उघडतच नाहीत. उद्या त्यांच्या एखाद्या चित्रपटाशी साम्य निघालं तर खटला नको, म्हणून. त्यामागं माज असतो असं नाही, वकिलाचा सल्ला असतो.

माझ्या मते मराठीत आधी दिग्दर्शक गाठावा. निर्माता गोष्टीवर पैसे लावतो असं आपण समजतो, पण तो दिग्दर्शक, नट आणि बजेट यांच्या जमलेल्या मेळावर पैसे लावतो. एक-दोन चित्रपट केलेला, स्वतः न लिहिणारा किंवा पुढच्या गोष्टीच्या शोधात असलेला दिग्दर्शक तुमच्यासाठी सर्वात उपयोगी. चित्रपट बघताना श्रेयनामावली शेवटपर्यंत बघा: ज्या चित्रपटात 'कथा-पटकथा-संवाद' आणि 'दिग्दर्शन' यांखाली वेगळी नावं आहेत, तो दिग्दर्शक दुसऱ्याचं लिखाण घेतो. सहायक दिग्दर्शक आणि कार्यकारी निर्मातेही विसरू नका. आजचा मुख्य सहायक उद्या दिग्दर्शक होतो, आणि तेव्हा त्याच्याकडं गोष्ट नसते.

दुसरी वाट लॅबची. एनएफडीसी, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, २००७ पासून स्क्रीनरायटर्स लॅब चालवतं. मोजक्याच पटकथा निवडतात, त्यावर अनुभवी मार्गदर्शक काम करून घेतात, आणि गोव्यात नोव्हेंबरमध्ये इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या जोडीनं भरणाऱ्या फिल्म बाजारात निर्मात्यांसमोर मांडायची संधी मिळते. इथं एक मोठा फायदा आहे जो लोकांच्या ध्यानात येत नाही: लॅबला अर्जाची शेवटची तारीख असते, निकालाची तारीख असते. ज्या धंद्यात कुणीच तारीख देत नाही तिथं ही चैन आहे. एसडब्ल्यूएचाही पिचिंगचा, म्हणजे निर्मात्यांसमोर गोष्ट मांडण्याचा उपक्रम असतो, त्यावरही नजर ठेवा.

तिसरी वाट गावातल्या पैशाची. बिल्डर, कारखानदार, नुकतीच जमीन विकलेला कुणीतरी. 'आपल्या सोलापूरचा पिक्चर काढू' म्हणतात आणि मनापासूनच म्हणतात. त्यांना दोन प्रश्न विचारा: वितरणाचं काय, आणि पैसे संपले तर उरलेलं शूटिंग कसं? उत्तर 'सरकारी अनुदान मिळतं की' असं आलं तर सावध व्हा. शासनाची मराठी चित्रपटांसाठीची अर्थसहाय्य योजना चित्रपट पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन मिळणारी आहे. त्यातून चित्रपट सुरू करता येत नाही. आणि लेखकाकडंच 'थोडं इन्व्हेस्ट करा' म्हणून पैसे मागणारा भेटला तर चहा पिऊन उठा.

पाठवायचा मेल लहान असावा. काहीसा असा:

'नमस्कार सर, मी सोलापूरचा, एसडब्ल्यूएचा सदस्य लेखक. आपल्या मागच्या चित्रपटातलं बस स्टँडचं दृश्य आवडलं. गर्दीत दोनच माणसं ऐकू येतात ते. माझ्याकडं एक पूर्ण झालेली पटकथा आहे. लॉगलाइन खाली देतोय. आवडल्यास एका पानाचा सारांश पाठवतो. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईत आहे, वीस मिनिटं दिलीत तर ऐकवेन.'

बस. आयुष्याची कहाणी नको, 'ही गोष्ट क्रांती घडवेल' नको. पहिल्या मेलला पूर्ण स्क्रिप्ट जोडू नका, मागितल्यावर पाठवा. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी एक आठवण, आणखी तीन आठवड्यांनी दुसरी, मग त्या नावापुढं रेघ. व्हॉट्सअॅपवर रोज 'गुड मॉर्निंग सर' पाठवणाऱ्या लेखकाचं पुढं काय होतं ते सांगायला नको.

मुंबईच्या फेऱ्या

मुंबईत खोली घेऊन 'स्ट्रगल' करायची गरज पहिल्या पटकथेला नाही. भाड्यात जी रक्कम जाईल त्यात दोन-तीन वर्षांच्या फेऱ्या होतात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री बसलं की सकाळी दादर, तिथून लोकलनं अंधेरी. परतीला वंदे भारत किंवा पुन्हा सिद्धेश्वर. पुण्याचं काम तर हुतात्मा एक्स्प्रेसनं एका दिवसात होतं, आणि मराठीतले बरेच दिग्दर्शक पुण्यातच राहतात. एका भेटीसाठी एक फेरी करू नका. तीन-चार भेटी ठरल्याशिवाय तिकीट काढायचं नाही, कारण त्यातली एक शेवटच्या क्षणी रद्द होणारच. पिफ म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, बहुधा जानेवारीत असतो. तिथं रांगेत उभ्या असलेल्या माणसाशी बोलणं ऑफिसात वेळ मागण्यापेक्षा सोपं जातं.

नरेशन, म्हणजे गोष्ट ऐकवणं, ही वेगळी कला आहे. बरेच निर्णय वाचून नाही, ऐकून होतात. पाच मिनिटांचं, वीस मिनिटांचं आणि पूर्ण, अशी तीन नरेशनं बसवा. ज्यांना गोष्ट माहीत नाही अशा माणसांना ऐकवून बघा. शेवट लपवू नका. 'शेवट पडद्यावर बघा' म्हणणारा लेखक हौशी ठरतो.

उत्तरांचा अर्थ

एक वही करा. नाव, काय पाठवलं, कुठला ड्राफ्ट, कधी, उत्तर काय, पुढची तारीख. पुढच्या तारखेचा रकाना रिकामा ठेवायचा नाही, हा नियम. कारण या धंद्यात 'नाही' फारसं कुणी म्हणत नाही. नकाराचे शब्द ओळखायला शिकावं लागतं.

'छान आहे, पण सध्या असं चालत नाही' हा नकार आहे, आभार मानून पुढं चला. 'बघू, कळवतो' हाही बहुधा नकारच, महिन्याभराची तारीख टाका आणि विसरा. 'जरा कमर्शियल करा' म्हणणाऱ्याला विचारा, नेमकं कुठलं दृश्य? दृश्य सांगता आलं तर त्यानं वाचलंय. फुकट बदल करायचा तर एकदाच, आणि तोही गोष्ट सुधारत असेल तरच. दुसऱ्या बदलाला पैसे मागा. रक्कम लहान असली तरी चालेल. ती मागितल्यावर समोरचा किती गंभीर आहे ते लगेच कळतं.

सर्वात महाग पडणारं उत्तर मात्र गोड असतं: 'मला आवडली, एका मोठ्या नटाला ऐकवतो, तोवर कुणाला देऊ नका.' यात नकार नाही, पैसा नाही, तारीख नाही, आणि स्क्रिप्ट अडकली. कितीतरी पटकथा यातच म्हाताऱ्या होतात. उत्तर द्यायचं ते हसून, पण लेखी: 'सर, आनंद आहे. ३० दिवस मी इतर कुणाला दाखवत नाही, त्यापुढं थांबायचं असेल तर छोटासा ऑप्शन करार करू.' व्हॉट्सअॅपवर का होईना, हे लिहून पाठवा. (ऑप्शन म्हणजे काय ते लगेच खाली.) खरा इच्छुक असेल तो यावर रागावत नाही.

ऑप्शन आणि करार

ऑप्शन म्हणजे ठरावीक रक्कम देऊन ठरावीक मुदतीसाठी स्क्रिप्ट राखून ठेवणं. मुदतीत चित्रपट जमला तर ठरलेली पूर्ण किंमत देऊन हक्क घ्यायचे, नाही जमला तर स्क्रिप्ट लेखकाकडं परत आणि ऑप्शनची रक्कम लेखकाचीच. वर्ष ते दीड वर्ष ही मुदत वाजवी. एकदा वाढवून द्यायची तर पुन्हा पैसे घेऊन. पूर्ण किंमत ऑप्शनच्या वेळीच कागदावर ठरवा. 'पिक्चर उभा राहिला की बसून ठरवू' असं ठेवलं तर तेव्हा तुमच्या हातात काही उरलेलं नसतं.

मराठीत मात्र ऑप्शनपेक्षा सरळ 'सायनिंग' देऊन सगळे हक्क लिहून घ्यायची रीत जास्त आहे. वीस-पंचवीस हजार हातावर ठेवतात आणि पंधरा पानांचा इंग्रजी करार पुढं करतात. कितीही आनंद झाला तरी त्याच बैठकीत सही करायची नाही. 'वकिलांना दाखवून चार दिवसांत देतो' म्हणा. एसडब्ल्यूएच्या सदस्यांना संघटनेकडून कायदेशीर सल्ला मिळतो, तो घ्या. गावातला ओळखीचा वकील जमिनीच्या दाव्यात कितीही तरबेज असला तरी हे काम वेगळं आहे.

स्वतः करार वाचताना या जागा शोधा.

कलम १९(४). कॉपीराइट कायद्याचं हे पोटकलम लेखकाच्या वाट बघण्यावर कायद्यानं लावलेली मुदत आहे. हक्क घेतल्यापासून एका वर्षात निर्मात्यानं ते वापरले नाहीत, तर ते हस्तांतरण संपलं असं मानलं जातं. मात्र करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. म्हणूनच जवळपास प्रत्येक करारात '१९(४) लागू होणार नाही' असं एक वाक्य कुठंतरी मध्येच असतं. ते वाक्य पूर्ण काढायला निर्माता सहसा तयार होत नाही, कारण चित्रपट वर्षात उभा राहीलच असं नाही, आणि त्याचंही खरं आहे. मधला मार्ग मागा: 'सहीपासून तीन वर्षांत मुख्य शूटिंग सुरू झालं नाही तर हक्क लेखकाकडं परत, घेतलेली रक्कम परत करण्याची अट नाही.' एवढं एक वाक्य मिळालं तर बाकी दोन-तीन ठिकाणी माघार घेतली तरी चालेल, इतकं मला ते मोलाचं वाटतं. निर्माता 'निदान पैसे परत द्या' म्हणाला, तर दुसरीकडं विकली गेल्यावर त्यातून देईन, असं लिहा, खिशातून नाही.

मुदत आणि प्रदेश. करारात हक्कांचा काळ लिहिलेला नसेल तर कायदा तो पाच वर्षांचा धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून ते लिहितातच: 'कायमस्वरूपी, जगभर'. ते मान्य करायचं तर त्याची किंमत त्या मानानं मागा. वेब मालिका, रिमेक, दुसऱ्या भाषेतली आवृत्ती, पुढचा भाग हे सगळं एकाच रकमेत जातंय का ते पाहा. सोलापूरची गोष्ट कन्नडमध्ये किंवा तेलुगूत जाणं अजिबात अवघड नाही, तो हक्क फुकट सोडू नका.

रॉयल्टी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटातल्या लिखाणाच्या लेखकाला थिएटरबाहेरच्या वापरासाठी रॉयल्टीचा हक्क आहे आणि तो सोडून देता येत नाही. करारात 'लेखक रॉयल्टी सोडून देत आहे' असं वाक्य दिसलं तर बोट ठेवून दाखवा. ते कायद्यातच बसत नाही.

श्रेय. 'योग्य ते श्रेय देण्यात येईल' हे काहीच नाही. कथा, पटकथा, संवाद ही तीन वेगळी श्रेयं आहेत. तुमची कुठली, पडद्यावर एकट्याची पाटी की कुणासोबत, पोस्टरवर आणि ट्रेलरमध्ये आहे की नाही, हे शब्दांत हवं. निर्माता संवाद दुसऱ्याकडून लिहून घेणार असेल तर ते आधीच कळू द्या. पैसे टप्प्यांत असतील तर टप्पे तुमच्या कामाला बांधा: सहीला इतके, ड्राफ्ट दिल्यावर इतके. 'शूटिंग सुरू झाल्यावर' आणि 'प्रदर्शनानंतर' या टप्प्यांत फार मोठा वाटा अडकू देऊ नका, कारण ती तारीख तुमच्या हातात नाही. मानधनातून टीडीएस कापला जाईल, तो तुमच्या पॅनवर जमा झाला का ते नंतर तपासा.

त्या दरम्यान काय लिहायचं

दुसरी पटकथा. पहिली पाठवली त्याच आठवड्यात दुसरी सुरू करा, शक्यतो कमी पात्रांची, कमी जागांची. पहिली ऐकून 'हे मोठं आहे, लहान काही आहे का?' असं विचारणारे पुष्कळ भेटतात.

लघुपटाकडं कमीपणानं बघू नका. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे आधी 'पिस्तुल्या' हा लघुपट घेऊन लोकांसमोर आले, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग 'फँड्री', मग २०१६ ला 'सैराट'. लघुपट पुरावा म्हणून काम करतो: या माणसाचं लिहिलेलं पडद्यावर उभं राहतं. मोठ्या पटकथेतलंच एक दृश्य काढून त्याचा लघुपट करू नका, सुटं काहीतरी करा.

एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धेचं नाटक, आकाशवाणी सोलापूर केंद्रासाठी श्रुतिका, दैनंदिन मालिकेचे संवाद, यातलं जे मिळेल ते घ्या. मालिकेतून पैसे नियमित येतात, पण ती सगळा दिवस खाते, हे धरून चाला. नोकरी सोडू नका. शासकीय नोकरीत असाल तर मानधनाच्या कामाआधी आस्थापनेला विचारून परवानगीचा कागद घेऊन ठेवा.

वर्षातून एकदा पहिली पटकथा काढून वाचा. सोलापूरची कडक भाकरी महिनाभर टिकते, पटकथेचं तसं नाही. पाच वर्षांपूर्वी लिहिलेल्या दृश्यात पात्र बँकेत रांगेत उभं असतं, आज ते काम मोबाइलवर होतं. मग त्या रांगेत घडणारं भांडण कुठं घडवायचं? असे बदल करून नवा ड्राफ्ट नोंदवा, आणि वहीत ज्यांच्याकडं जुना आहे त्यांच्यापैकी रेघ न मारलेल्या नावांनाच नवा पाठवा.

मुदत संपल्यावर

ऑप्शन संपला किंवा करारातली तीन वर्षं उलटली, की गप्प बसून 'बघू, काहीतरी होईल' म्हणायचं नाही. निर्मात्याशी संबंध चांगले असले तरी, किंबहुना चांगले आहेत म्हणूनच, आधी फोन करा, मग पत्र पाठवा. पत्रात कराराची तारीख, मुदतीचं कलम, ती कधी संपली, आणि हक्क आता लेखकाकडं परत आले आहेत एवढंच. आरोप नकोत, तक्रार नको. ईमेल आणि पोचपावतीसह स्पीड पोस्ट दोन्ही. निर्मात्यानं या काळात सुचवलेले बदल स्क्रिप्टमध्ये असतील तर ते कुणाचे, हा वाद पुढं निघतो. करार करतानाच 'सर्व बदलांसह पटकथा परत' असं लिहून घेतलं असेल तर प्रश्न नाही. नसेल तर सहीआधीचा नोंदवलेला ड्राफ्ट काढून तिथूनच पुढं जा.

त्या पत्राची प्रत आणि पोचपावती स्क्रिप्टच्या फाइलमध्येच ठेवा. पुढचा निर्माता गंभीर असेल तर त्याचा वकील पैशाआधी हेच विचारतो, की ही आधी कुणाकडं होती आणि तिथून मोकळी झाल्याचा कागद कुठं आहे.